राष्ट्रीय उद्यानालगत घर घ्यावे का? बोरिवली आणि मुलुंड येथील दोन घरांविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास आपण दोन घरे पाहून ठेवली आहेत. एक बोरिवली पूर्वेला, स्टेशन आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग यांच्या मधल्या वस्तीत आहे. दुसरे मुलुंड पश्चिमेला आहे आणि तेथे इमारतीची मागची भिंत थेट डोंगराला लागते. आपली नोकरी ठाण्यात आणि पत्नीची अंधेरीला. घरात पाच वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या आई आहेत. आणि बिबट्याच्या बातम्या वाचून घरातल्यांचे एकमत होत नाही. उद्यानाच्या दोन्ही अंगांच्या गृहनिर्माण संस्थांना आवार, कुंपण, कचरा आणि वन्यप्राण्यांचा वावर यांबाबत सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या आधारावर माझे मत आधीच सांगून टाकतो: जंगल किती मीटरवर आहे यावरून धोका ठरत नाही, संस्था आपल्या मागच्या कुंपणाची निगा कशी राखते आणि घरातील माणसे रात्री स्टेशनवरून कोणत्या वाटेने परततात, यावरून तो ठरतो.

प्रथम भूगोल डोळ्यांसमोर आणावा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल तीन बाजूंनी शहराने वेढलेले आहे. पश्चिमेला दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड आणि गोरेगाव या स्टेशनांची रांग आहे व त्यांच्या पूर्वेला महामार्ग. म्हणजे त्या अंगाला लोहमार्ग, मग वस्ती, मग महामार्ग आणि मग जंगल असा क्रम साधारणपणे लागतो, जरी अनेक ठिकाणी वस्ती महामार्ग ओलांडून थेट डोंगरापर्यंत गेलेली आहे. पूर्वेला भांडुप, नाहूर, मुलुंड आणि ठाणे ही स्टेशने. तेथे लोहमार्गाच्या पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्यापलीकडे चढत जाणारी वस्ती थेट डोंगराच्या पायथ्याशी टेकते. दक्षिणेला आरे वसाहत आहे. उत्तरेला घोडबंदर रस्ता जंगल कापून जातो; त्याच्या पलीकडचा नागला भाग उद्यानातच मोडतो आणि त्याही पुढे तुंगारेश्वरचे अभयारण्य लागते. आपण पाहिलेल्या दोन घरांतील खरा फरक या क्रमात आहे. बोरिवलीच्या घराच्या आणि जंगलाच्या मध्ये आठपदरी वाहतूक आहे, मुलुंडच्या घराच्या मध्ये एक भिंत.

आता बिबट्या. २०१५ मध्ये उद्यान आणि आरे परिसरात कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे) लावून केलेल्या अभ्यासात ३५ बिबटे नोंदले गेले आणि त्यानंतरच्या गणनांमध्ये हा आकडा वाढलेलाच आढळला. एवढ्याशा जागेत इतके बिबटे राहू शकतात याचे कारण त्यांच्या पोटात आहे. त्याच अभ्यासाप्रमाणे त्यांच्या आहाराचा मोठा भाग चितळ, सांबर, रानडुक्कर अशा जंगलातील प्राण्यांचा असला, तरी सुमारे एक चतुर्थांश वाटा कुत्र्यांचा होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने तर हे बिबटे वर्षाला अदमासे दीड हजार भटकी कुत्री खात असावेत आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे प्रमाण कमी राहत असावे, असा हिशोब मांडला. हा अंदाज रंजक आहे, पण काही संस्थांमध्ये तो ‘बिबट्या येऊ द्या, कुत्री कमी होतील’ अशा अर्थाने सांगितला जातो, तो मला पटत नाही. कुत्र्यांची संख्या कमी करण्याचे काम निर्बीजीकरण आणि कचरा व्यवस्थापन यांचे आहे. ते बिबट्यावर सोपवले तर बिबट्याला आपल्या जिन्यापर्यंत येण्याचे निमंत्रण दिल्यासारखे होते.

भीतीला आधार नाही, असे मी म्हणणार नाही. २००४ हे वर्ष या परिसरासाठी सर्वांत वाईट होते. त्या एका वर्षात उद्यानाभोवती डझनाहून अधिक माणसे बिबट्यांच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये आरेत लागोपाठ हल्ले झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथेच एका लहान मुलीचा जीव गेला. मात्र हे हल्ले कोठे आणि कोणावर होतात, हे पाहिले की चित्र स्पष्ट होते. बळी बहुतांशी लहान मुले असतात किंवा अंधारात खाली वाकलेली, उकिडवी बसलेली माणसे. जागा जंगलाच्या कडेची, अंधारी, झुडपांची आणि बहुधा शौचालयाची सोय नसलेली. उभ्या, चालत्या, मोठ्या माणसाला बिबट्या टाळतो. म्हणून जो धोका पाड्यावर किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्या कुटुंबाला आहे तो बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला नाही, आणि दोघांसाठी एकच भीती वापरणे हे पहिल्यावर अन्याय करणारे आहे.

बिबट्या दिसला की पिंजरा लावा, ही मागणी प्रत्येक संस्थेच्या सभेत होते. येथे दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली कायद्याची: बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे आणि त्याला पकडण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, नुसते दिसणे हे त्यासाठी पुरेसे कारण नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जुन्नर परिसरात या शतकाच्या सुरुवातीला बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले, आणि वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून असे दिसले की त्यामुळे हल्ले थांबले नाहीत. उलट जेथे बिबटे सोडले गेले त्या भागांत ते वाढले. आपला मुलूख ओळखणारा बिबट्या माणसांच्या वेळा आणि वाटा जाणून असतो व त्यांना चुकवून फिरतो. त्याला उचलले की रिकाम्या जागेत नवखा, बहुधा तरुण बिबट्या शिरतो आणि त्याला काहीच ठाऊक नसते. २०११ मध्ये उद्यानाचे तत्कालीन प्रमुख सुनील लिमये यांच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी हे उद्यानाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) हा उपक्रम सुरू झाला तो याच समजुतीवर, आणि सहजीवनाचा जो शहाणपणा आज बोलला जातो त्यातील बराचसा भाग आरेतील व उद्यानातील वारली पाड्यांना आधीपासून माहीत होता. तेथे वाघोबाची पूजा होते आणि अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर न सोडण्याचा नियम पाळला जातो.

आता मुलुंडच्या घराकडे वळतो, कारण कष्ट तेथे जास्त आहेत. घर दाखवणारा माणूस आपल्याला गच्चीवर नेऊन डोंगर दाखवील. आपण त्याला तळमजल्यावर, मागच्या कोपऱ्यात न्यायला सांगावे. तेथे उभे राहून सावकाश पाहावे. ओला कचरा कोठे ठेवला जातो, डब्यांना घट्ट झाकणे आहेत का, आणि पालिकेची गाडी येईपर्यंत तो रात्रभर उघडा राहतो का, हे पाहावे. मी पाहिलेल्या एका संस्थेत कचऱ्याची खोली नेटकी होती, टाइल्स लावलेल्या होत्या, दारही होते. पण सफाई कामगाराला सकाळी सोयीचे जावे म्हणून ते दार रात्री उघडेच राहत असे. चार कुत्री दाराशी ठाण मांडून बसत. भिंतीच्या आतल्या बाजूला चढाच्या मातीवर पंजांचे ठसे होते, आणि भिंतीवरच्या जुन्या रंगावर एकाच जागी खरवडल्याच्या उभ्या रेघा होत्या. येणारा प्राणी ठरलेल्या ठिकाणाहून उडी मारत होता. संस्थेने त्याआधी मोठा खर्च करून भिंतीची उंची वाढवली होती, तिचा काही उपयोग झाला नव्हता. दार रात्री बंद ठेवायला सुरुवात झाली, कुत्र्यांना वॉचमनच्या केबिनजवळ अन्न घालणे बंद झाले, आणि काही आठवड्यांत सीसीटीव्हीवर येणारी रात्रीची दृश्ये विरळ होत गेली. भिंत नऊ फूट असो की बारा, बिबट्यासाठी तो फरक फारसा नाही. भिंतीच्या आत खाण्यासारखे काय आहे, हा फरक मोठा आहे.

त्याच कोपऱ्यात नाला पाहावा. हा विषय बहुतेक खरेदीदार पूर्णपणे विसरतात. उद्यानाच्या डोंगरांतून पाणी चारही बाजूंना उतरते: तुळशी तलावाकडून दहिसर नदी, विहार आणि पवईच्या सांडव्यांतून मिठी, कांदिवलीच्या अंगाला पोईसर, आणि मुलुंड-भांडुपच्या बाजूने खाडीकडे जाणारे अनेक नाले. कोरड्या महिन्यांत हे नाले बिबट्याच्या, रानमांजराच्या आणि मुंगसाच्या येण्याजाण्याच्या वाटा असतात. कुंपणभिंत कितीही पक्की असली तरी नाल्यासाठी तिच्यात सोडलेले भगदाड उघडेच असते. तेथे जाळी असावी, पण ती पाऊस सुरू होण्यापूर्वी साफ करता येईल अशी, बिजागरीची असावी. घट्ट बसवलेली जाळी पहिल्या मोठ्या पावसात पालापाचोळ्याने आणि प्लास्टिकने तुंबते आणि मग मागून येणारे पाणी भिंतीवर साठते. डोंगरउतारावरच्या भिंतीमागे साठलेले पाणी काय करू शकते, हे जुलै २०१९ मध्ये मालाड पूर्वेच्या पिंपरीपाड्यात दिसले. भिंत कोसळून पंचवीसहून अधिक माणसे गेली. या परिसरात घर घेणाऱ्याने घाबरायचेच असेल तर त्याने बिबट्यापेक्षा आधी या पाण्याला घाबरावे. मुलुंडच्या भिंतीला पाणी बाहेर पडण्यासाठी छिद्रे आहेत का, ती मातीने बुजली आहेत का, भिंतीला पोट आले आहे का, हे स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावे. त्याची फी घराच्या किमतीच्या मानाने नगण्य असते.

रस्त्यांचा प्रश्न दोन अंगांनी येतो. वन्यप्राण्यांच्या दृष्टीने घोडबंदर रस्ता आणि उत्तरेकडचा वसई-दिवा लोहमार्ग हे या जंगलाचे दुखरे भाग आहेत. उद्यानातून नागलामार्गे तुंगारेश्वरकडे जाणाऱ्या प्राण्यांना ते ओलांडावे लागतात, आणि बिबट्यासारखे प्राणी वाहनांखाली व गाड्यांखाली सापडण्याच्या घटना तेथे घडत आल्या आहेत. रात्री त्या रस्त्याने गाडी चालवणाऱ्याने वेग आवरावा, एवढी एक गोष्ट कोणत्याही जनजागृती फलकापेक्षा अधिक कामाची आहे. आपल्या दृष्टीने प्रश्न असा की बोरिवलीहून ठाण्याला रोज जायचे तर सध्या याच घोडबंदर रस्त्याने, त्यावरच्या कोंडीसह, जावे लागते. उद्यानाखालून जाणारा ठाणे-बोरिवली जुळा बोगदा आणि दक्षिणेकडचा गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा बोगदा हे दोन्ही प्रकल्प हाती घेतलेले आहेत. परंतु बांधकाम चालू असलेल्या बोगद्याच्या भरवशावर घर घेऊ नये, असे मी सर्वांना सांगतो. पूर्ण झाला तर ती वरकमाई समजावी.

याउलट मुलुंडहून ठाणे हे लोकलचे पुढचेच स्टेशन आहे, आणि अंधेरीला जाण्यासाठी घाटकोपरला उतरून २०१४ पासून सुरू असलेली मेट्रो १ पकडता येते. बोरिवलीहून अंधेरीला जलद लोकल आहे, आणि शिवाय २०२३ पासून पूर्ण सुरू झालेली मेट्रो ७ दहिसर पूर्वेहून थेट अंधेरी पूर्वेच्या गुंदवलीपर्यंत जाते. तिच्यावर ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचेच स्थानक आहे. म्हणजे प्रवासाच्या हिशोबात दोघांपैकी एकाची सोय बोरिवलीत आणि दुसऱ्याची मुलुंडमध्ये. फरक इतकाच की मुलुंडहून अंधेरी गाडी बदलून का होईना, वेळेच्या खात्रीने गाठता येते, बोरिवलीहून ठाण्याबाबत तशी खात्री नाही.

स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र नकाशावर पाहून ठरवू नये. एखाद्या आठवड्याच्या मधल्या दिवशी, शक्य तर पावसात, रात्री नऊनंतर स्टेशनवर उतरावे आणि सामान्य माणूस जाईल तसे घरी जावे. शेअर रिक्षाची रांग किती लांब आहे, रिक्षावाले डोंगराच्या चढापर्यंत येतात की खालच्या नाक्यावरच उतरवतात, आणि त्या नाक्यापासून इमारतीच्या फाटकापर्यंतच्या वाटेत किती दिवे बंद आहेत, हे त्या एका फेरीत कळते. डोंगरालगतच्या वस्तीत हीच शेवटची काही मिनिटे महत्त्वाची असतात, कारण रिक्षा मिळत नाही म्हणून माणसे झुडपांमधल्या आडवाटेने चालत जातात. पदपथावर दोन्ही बाजूंना निदान काही फूट गवत व झुडूप कापलेले असावे. दिवे खाली, रस्त्यावर प्रकाश टाकणारे हवेत. जंगलाकडे तोंड करून लावलेले प्रखर फ्लडलाइट प्राण्यांना त्रास देतात आणि चालणाऱ्याचे डोळे दिपवून अंधार आणखी गडद करतात.

मुलासाठी बागेचे विचारले आहे. बोरिवलीच्या घराचा मोठा लाभ असा की राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार चालण्याच्या अंतरावर राहते. सोमवारी उद्यान बंद असते. इतर दिवशी सकाळची फेरी आईंनाही जमेल अशी आहे, आणि पावसाळ्यानंतर कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा रस्ता फुलपाखरांसाठी केवळ पाहत राहावा असा होतो. आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी तेथे २०१६ आणि २०२४ मध्ये बहरली होती, म्हणजे पुढचा बहर मुलगा शाळेत असतानाच येईल. मुलुंडच्या बाजूला डोंगराखेरीज पूर्वेकडे ठाणे खाडी आहे. २०१५ मध्ये तेथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत एकाच रविवारी सकाळी खाडीवर रोहित पक्षी आणि संध्याकाळी डोंगराच्या कडेला धनेश पाहणे मुलुंडकराला शक्य आहे, आणि मला स्वतःला विचाराल तर ही चैन मुंबईत फार थोड्यांच्या वाट्याला येते.

संस्थेच्या आवारातील बाग मात्र वेगळ्या नजरेने तपासावी. घसरगुंडी आणि झोपाळे डोंगराकडच्या भिंतीला चिकटून असतील, आणि त्यामागे शोभेची दाट झुडपे असतील, तर खेळण्याची जागा इमारतीच्या पुढच्या बाजूला हलवण्याची मागणी करावी. ही दुरुस्ती खर्चिक नसते. अंधार पडण्याच्या सुमारास मुलांना आत घेण्याची सवय लावावी आणि आजी-आजोबांनी पहाटे फिरताना कानात गाणी लावू नयेत, सोबत काठी व टॉर्च ठेवावी. बिबट्या दिसलाच तर पळू नये, वाकू नये, मुलाला उचलून घ्यावे, बिबट्याच्या वाटेतून बाजूला होऊन त्याला जाऊ द्यावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. इमारतीत शिरला असेल तर ती खोली बाहेरून बंद करून बाकी सर्वांना दूर ठेवावे. अशा प्रसंगी माणसे जखमी होतात ती बहुधा मोबाइलवर चित्रण करायला जमलेल्या गर्दीमुळे, कारण घेरला गेलेला प्राणी सुटण्यासाठी जो पुढे येईल त्याच्यावर झेप घेतो.

माकडांचा त्रास दोन्हीकडे होईल. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी लावावी आणि त्यांना कोणीही, कितीही भक्तिभावाने, खायला घालू नये. पावसाळ्यात साप निघतील, त्यांच्यासाठी संस्थेकडे नोंदणीकृत सर्पमित्राचा क्रमांक असावा.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या अनेक जमिनींवर १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियमाचे, म्हणजे खासगी वनजमिनी शासनाकडे घेणाऱ्या कायद्याचे, सावट होते. मुलुंड, भांडुप, बोरिवली येथील हजारो सदनिकाधारक त्यात वर्षानुवर्षे अडकले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने त्यांना दिलासा मिळाला. तरीही मालमत्ता पत्रकावरील जुन्या नोंदी कमी केल्या गेल्या आहेत का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, अधिसूचित झाले असून त्याची रुंदी सर्वत्र सारखी नाही. मुलुंडची इमारत त्या क्षेत्रात येते का, आणि येत असल्यास बांधकामाला आवश्यक त्या मंजुऱ्या मिळाल्या होत्या का, याचे उत्तर विकासकाने तोंडी दिले तर ते पुरेसे समजू नये. पुढेमागे पुनर्विकासाची वेळ आली की ही नोंद निर्णायक ठरते.

दोन घरांपैकी माझा कल मुलुंडच्या घराकडे आहे, मात्र अटीवर. प्रवास तेथून अधिक भरवशाचा आहे आणि बिबट्याचा धोका वर सांगितलेल्या शिस्तीने आटोक्यात राहतो. परंतु भिंत आणि नाला यांच्याबद्दल अभियंत्याचा अहवाल प्रतिकूल आला, तर किंमत कितीही उतरवून दिली तरी ते घर घेऊ नये आणि बोरिवलीचे घ्यावे. अहवाल अनुकूल आला तर विसार देण्यापूर्वी संस्थेच्या सचिवांना लेखी विचारावे की नाल्याच्या जाळीची सफाई कोणाकडे आहे, शेवटची केव्हा झाली, आणि कचऱ्याच्या खोलीचे दार रात्री कोण बंद करते. या तीन प्रश्नांना त्यांनी नावानिशी आणि तारखेनिशी उत्तर दिले, तर आईंना घर दाखवायला न्यायला हरकत नाही. मात्र तेव्हा गच्चीवर जाण्याआधी त्यांना नाक्यापासून फाटकापर्यंतचा चढ एकदा चालून पाहू द्यावा, कारण सत्तरीच्या गुडघ्यांसाठी तोच रोजचा रस्ता असणार आहे.